स्टेशन वॅगनमध्ये जीव का अडकतो, आणि उभी असलेली जुनी इस्टेट ठेवावी का

प्रश्न नाशिकहून आला आहे आणि थोडक्यात तो असा. घरात 1996 सालची टाटा इस्टेट आहे, म्हणजे मागे डिकीऐवजी छपराखालीच सामानाची मोकळी जागा असलेली स्टेशन वॅगन. वडील शाळा-महाविद्यालयांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवत असत. ही गाडी त्यांनी नवी घेतली आणि अखेरपर्यंत स्वतःच चालवली. दोन वर्षांपूर्वी ते वारले आणि तेव्हापासून गाडी पोर्चमध्ये उभी आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की जागा अडते आहे, भंगारात देऊन मोकळे व्हावे. आईपुढे हा विषय काढता येत नाही. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना स्वतःला गाड्यांची आवड नाही. तरीही एक गिऱ्हाईक गाडी पाहायला आले आणि त्याने मागचा दरवाजा उघडला, तेव्हा त्यांना तिथे उभे राहवेना. त्यांनी लिहिले आहे, "बाबांची स्कूटर विकली, नंतर घेतलेली सेडानही विकली, तेव्हा काही वाटले नाही. मग हिच्यातच असे काय आहे? लोक स्टेशन वॅगनमध्ये एवढे का गुंततात, आणि या गुंतण्यापायी पैसा घालणे शहाणपणाचे आहे का?"

ताई, मी पुण्यात तीस वर्षांहून अधिक काळ जुन्या डिझेल गाड्यांचे काम करतो. इस्टेट, इंडिगो मरीना, बलेनो आल्टुरा अशा मिळून पन्नासेक वॅगन तरी माझ्या हाताखालून गेल्या असतील. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. जीव का अडकतो हा एक, आणि गाडी ठेवावी का हा दुसरा. बहुतेक लोक दुसरा प्रश्न घेऊन गॅरेजमध्ये येतात, पैशांचा हिशेब मांडतात, तो हिशेब तोट्याचा निघतो आणि तरीही गाडी द्यायचे धाडस होत नाही. पहिल्याचे उत्तर नीट लागले, तर या गाडीतले नेमके काय राखायचे आहे ते कळते आणि दुसरा प्रश्न बराच लहान होतो. म्हणून मी त्याच क्रमाने जातो.

तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यात उत्तराची खूण आहे. गिऱ्हाइकाने बॉनेट उघडले असते तर तुम्हाला काही वाटले नसते. त्याने मागचा दरवाजा उघडला. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागे आडोसा असतो आणि त्याच्या पलीकडे डिकी असते. सामान त्या अंधाऱ्या पेटीत जाते, झाकण पडते आणि उतरेपर्यंत त्याची कुणाला आठवण राहत नाही. वॅगनमध्ये तो आडोसा नसतो. माणसे आणि सामान एकाच छपराखाली, एकाच हवेत प्रवास करतात. मागे आंब्याच्या पेट्या असतील तर पुढे बसलेल्याला घाटभर त्यांचा वास येतो. मागे काचेच्या नळ्या असतील तर प्रत्येक खड्ड्याला त्यांची किणकिण ऐकू येते. माझ्या अनुभवात या गाडीतली माया याच एका गोष्टीपाशी येऊन थांबते: कुटुंबाचे काम आणि कुटुंब यांच्यामध्ये तिने भिंत ठेवली नाही. तुमच्या वडिलांचा व्यवसाय तुम्हाला दुकानात जाऊन पाहावा लागला नसणार, तो तुमच्या डोक्यामागेच रचलेला असे. बीकर पेंढ्यात गुंडाळून भरलेली खोकी मागे आहेत म्हणून ते गाडी हळू चालवत असतील, आणि त्या हळू चालवण्याचाही तुमच्या आठवणीत भाग असेल.

हे मला एका गाडीने शिकवले. दहा-बारा वर्षांपूर्वी एक इस्टेट पत्र्याच्या कामाला आली होती. मागच्या चाकांवरच्या कमानी गंजल्या होत्या, म्हणून मी मागचे कार्पेट उचलले. खाली पेंढ्याच्या काड्या, आंबेमोहोराचे दाणे, एका लहान मुलाच्या चपलेचा पट्टा, उदबत्तीच्या पुड्याचा कागद आणि हळदीचा एक पिवळा पट्टा, जो पत्र्याच्या खोबणीत मुरून बसला होता. मधोमध दोन समांतर ओरखडे होते, रंग जाऊन प्रायमरही गेलेला. मालक शेजारी उभे होते. ते म्हणाले की ते पेटीच्या हार्मोनियमचे आहेत. त्यांचे वडील भजनाला जाताना पेटी एकट्याने आत सरकवायचे. मी पत्रा कापून नवा तुकडा बसवणार होतो, तेव्हा त्यांनी विचारले की ओरखड्यांचा भाग सोडून काम होईल का. झाले. त्या भागाला गंज नव्हता, म्हणून झाले. गंज असता तर मी नाही म्हटले असते.

आणखी एक वस्तू मी जवळजवळ प्रत्येक जुन्या वॅगनमध्ये पाहतो, ती म्हणजे काठी. या गाड्यांचा मागचा दरवाजा काचेसकट वरच्या बाजूला उघडतो आणि तो जड असतो. त्याला तोलून धरणारे दोन गॅसचे दांडे काही वर्षांत दमतात आणि दरवाजा डोक्यावर यायला लागतो. मग घरातला कुणीतरी झाडूचा दांडा किंवा पडद्याची जुनी नळी मापाने कापतो, टोकाला रबर किंवा चिंधी बांधतो आणि सामान भरताना ती टेकू म्हणून लावतो. नवे दांडे बसवून दिले तरी लोक काठी टाकत नाहीत. एका बाईंनी मला सांगितले होते की काठी धरून उभे राहणे हे लहानपणी त्यांचे काम होते, आणि ते काम मिळण्यावरून भावाशी भांडण व्हायचे. तुमच्या इस्टेटमध्येही सीटखाली किंवा बाजूच्या कोपऱ्यात अशी काठी असण्याची शक्यता मोठी आहे. ती असेल, तर त्या दरवाज्याशी घरातल्या किती हातांचा संबंध आला होता ते तुमच्या लक्षात येईल. स्कूटर एकट्या वडिलांची होती. सेडानमध्ये बाकीचे बसून जायचे. वॅगन भरायला मात्र सगळे घर लागत असे, आणि हा फरक मी भावनेच्या भरात सांगत नाही, दरवाज्याच्या कडेचा रंग किती ठिकाणी झिजला आहे हे पाहून सांगतो.

ही ओढ आपल्याकडेच आहे असे नाही. स्टेशन वॅगन हे नावच अमेरिकेतल्या रेल्वे स्टेशनवरून आले आहे. उतरलेले प्रवासी आणि त्यांच्या ट्रंका एकाच वाहनातून घरी किंवा हॉटेलात नेण्यासाठी मोटारीच्या चॅसीवर, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या चौकटीवर, लाकडी सांगाडा बांधत असत. फोर्डने 1929 मध्ये मॉडेल ए वर अशी लाकडी गाडी आपल्याच यादीत आणली. त्यासाठी लागणारे लाकूड मिशिगनमधल्या कंपनीच्या स्वतःच्या जंगलातून येत असे. युद्धानंतर 1946 मध्ये विलिसने आणि 1949 मध्ये प्लिमथने पूर्ण पोलादी वॅगन आणल्या आणि लाकडाची निगा राखण्याची कटकट संपली. पुढे तिथल्या एका पिढीचे बालपण मागे तोंड करून बसायच्या तिसऱ्या सीटवर गेले. ती मुले मोठी झाली तेव्हा त्यांना आईबापांची गाडी नको होती. 1983 च्या अखेरीस क्रायस्लरच्या मिनिव्हॅन आल्या, मग एसयूव्ही आल्या, आणि तिथल्या मोठ्या वॅगन 1996 पर्यंत संपल्या. आज जुन्या वॅगन शोधत फिरणाऱ्यांत तीच मुले दिसतात. स्वीडनमध्ये व्होल्व्होने 1953 मध्ये जी वॅगन काढली तिचे नावच ड्युएट होते, कारण आठवडाभर धंद्याची आणि सुटीला कुटुंबाची अशी ती एकात दोन गाडी होती. त्यांची 245 ही वॅगन 1974 पासून 1993 पर्यंत बनत राहिली. मर्सिडीजने 1977 मध्ये पहिली स्वतःची वॅगन दाखवली, तेव्हा तिच्या नावातल्या टी या अक्षराचा अर्थ सहल आणि वाहतूक असा सांगितला जात असे. देश वेगळे, पण या गाडीकडून केलेली अपेक्षा एकच.

आपल्याकडची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे, आणि तुमच्या गाडीपुरती तीच महत्त्वाची आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1988 मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आणला. त्याच पायावर 1991 मध्ये सिएरा आणि 1992 मध्ये इस्टेट आली. दोन्ही पिंपरीत तयार होत. म्हणजे अंगाने इस्टेट ही मोटारीसारखी दिसत असली, तिची लांबलचक बाजू जर्मन वॅगनची आठवण करून देत असली, तरी तिच्या पोटाखाली ट्रकवाल्यांनी बांधलेली शिडीसारखी चॅसी होती आणि पुढे 1948 सीसीचे टर्बो नसलेले डिझेल इंजिन होते, ज्याची ताकद 70 अश्वशक्तीच्याही आत होती. त्याच वेळी आत विजेवर चालणाऱ्या काचा, एसी आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा होता. त्या काळी हे पाहायला लोक गाडीभोवती जमत. कसारा घाटात ती एसी बंद करून चढवावी लागत असणार. माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांनी हे दोष म्हणून कधी सांगितले नाही, कौतुकाने सांगितले. नंतर टर्बो इंजिनही आले, पण तोवर सुमोने बाजार नेला होता.

भारतात वॅगन घेणारा माणूस थोडा हट्टी असावा लागे, हे मी ठामपणे म्हणेन. आपल्या लोकांना डिकी बाहेर दिसायला हवी असते. तीन डब्यांची गाडी म्हणजे पूर्ण गाडी, अशी समजूत. लांब पाठीच्या गाडीकडे बघून लोकांना रुग्णवाहिका आठवायची, आणि काही जण त्याहून वाईट बोलायचे. इंडिगो मरीना 2004 मध्ये आली तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या सासऱ्यांनी लग्नाला त्या गाडीतून येण्यास नकार दिला होता. फियाटची अॅडव्हेंचर, ओपेलची स्विंग, मारुतीची आल्टुरा, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी, सगळ्यांचे थोड्याफार फरकाने असेच झाले. त्यात 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली. वॅगनला तर लांबीच हवी असते. तिला चार मीटरमध्ये बसवायचे तर तिचे मागचे अंगच कापावे लागते. पुढे 2008 मध्ये इंडिगोची शेपटी छाटून ती चार मीटरच्या आत बसवली गेली आणि खपली. मरीनाच्या वाट्याला तसे काही येणे शक्यच नव्हते. इस्टेट तर त्याआधीच, नव्या शतकाच्या तोंडावर बंद झाली होती. सिएराचे नाव 2025 मध्ये कंपनीने नव्या गाडीला दिले; इस्टेटच्या वाट्याला ते भाग्य आलेले नाही.

या सगळ्याचा मायेशी संबंध आहे. जी गाडी सगळे घेतात ती घेणाऱ्याला काही सांगावे लागत नाही. तुमच्या वडिलांना मात्र नातेवाइकांना, मित्रांना, कदाचित तुमच्या आईलाही ही गाडी का घेतली हे समजावून सांगावे लागले असेल, आणि मग पंचवीस-तीस वर्षे ते आपल्या निवडीशी प्रामाणिक राहिले. अशी गाडी विकायला काढली की घरातल्यांना वस्तू जाते असे वाटत नाही, त्या माणसाचा एक निर्णय मोडीत काढतो आहोत असे वाटते. तुमच्या आईला ऐकवत नसेल ते बहुधा हे. मी त्यांना ओळखत नाही, त्यामुळे हे खात्रीने म्हणणार नाही. तुम्ही विचारून पाहा.

इथे एक हरकत येईल आणि ती रास्त आहे. सुमोला आणि क्वालिसलाही भिंत नव्हती, मग त्यांच्याबद्दल असे का होत नाही? थोडेफार होतेच, क्वालिस सोडायला तयार नसलेली माणसे मलाही माहीत आहेत. पण त्या गाड्यांच्या मागच्या भागात आडव्या सीट टाकून माणसे भरली जात, त्यातल्या पुष्कळशा भाड्याने फिरल्या, आणि बऱ्याच घरांत त्या ड्रायव्हर चालवत असे. वॅगनची मागची जागा मोकळी ठेवलेली असते, ती रोज वेगळ्या कामाला लागते, आणि चालवणारा सहसा घरचाच असतो. शिवाय तिची बैठक खाली असते. लहान मूल स्वतः चढून मागे जाऊ शकते. रात्रीच्या प्रवासात मागची सीट पाडून गादी टाकायची आणि मुले त्यावर झोपायची, हे त्या काळी घरोघर चाले. आज कुणी तसे करताना दिसले तर मी त्याला गाडीतून उतरून दोन शब्द सुनावीन, कारण पट्ट्याविना झोपलेल्या मुलाला जोरदार ब्रेकसुद्धा पुरतो. पण आठवण म्हणून ती खोटी ठरत नाही.

आता दुसरा प्रश्न. याचे उत्तर परिस्थितीवर फार अवलंबून आहे: गाडीचा पत्रा किती शिल्लक आहे, कागद कोणत्या अवस्थेत आहेत, आणि घरात तिला चालवणारे कुणी आहे का, या तीन गोष्टींवर. यातली शेवटची गोष्ट लोक विचारातच घेत नाहीत, आणि माझ्या मते तीच सर्वांत वजनाची आहे.

आधी पत्रा आणि सुटे भाग. इंजिनाची काळजी करू नका. हेच इंजिन टाटाच्या पिकअपमध्ये आणि सुरुवातीच्या सुमोमध्ये होते. त्याचे सामान आजही मिळते आणि ते बांधू शकणारा मेकॅनिक कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतो. दोन वर्षे उभ्या गाडीत डिझेल खराब झालेले असते, टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ असतो, ब्रेकचे सिलिंडर चिकटलेले असतात, रबराचे पाइप कडक झालेले असतात. हे सगळे कष्टाचे आहे पण अवघड नाही. फक्त एक विनंती: बॅटरी लावून सहज चालू करून पाहू नका. आधी टाकी उतरवून धुवा, फिल्टर बदला, ऑइल बदला, मगच चावी फिरवा. तळाचा गाळ पंपात आणि नोझलमध्ये गेला की हजारांतले काम अनेक हजारांवर जाते.

अडते ते मागच्या भागाशी. मागच्या बाजूच्या लांब काचा, मागच्या दरवाज्याची काच, त्याभोवतीचे रबर, आतली प्लास्टिकची आवरणे, हे नवीन मिळण्याची आशा धरू नका. म्हणजे जो भाग तिला वॅगन बनवतो, ज्याच्यामुळे तुमचा जीव अडकला आहे, नेमका तोच भाग बाजारात उरलेला नाही. म्हणून मी इस्टेट तपासतो तेव्हा बॉनेट सर्वांत शेवटी उघडतो. प्रथम मागचे कार्पेट उचलतो आणि चाकांच्या कमानींच्या आतल्या कडेवर स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबतो. टोक आत गेले तर पत्रा सडला आहे. मग मागच्या दरवाज्याची खालची कड बोटाने चाचपतो, कारण पाणी तिथेच साचते. मग बाजूच्या काचेच्या रबराखाली पाहतो. रबर आक्रसले की पाणी आतून उतरते आणि वरून रंग चकचकीत दिसत असताना खालचा पत्रा कागदासारखा होतो. शेवटी गाडीखाली जाऊन चॅसी पाहतो. चॅसी खणखणीत असेल आणि कमानींपुरताच गंज असेल, तर चांगला डेंटर तो भाग कापून नवा पत्रा जोडू शकतो. चॅसीच गळली असेल तर मी गिऱ्हाइकाला खर्च करू देत नाही, मग कितीही आग्रह होवो. नाशिकची हवा कोरडी आणि तुमची गाडी पोर्चमध्ये आहे, त्यामुळे मला आशा आहे. हीच गाडी रत्नागिरीत असती तर मी इतक्या आशेने लिहिले नसते.

कागदांचे काम पत्र्याहून तातडीचे आहे. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. 1996 ची नोंदणी म्हणजे 2011, 2016, 2021 आणि 2026. म्हणजे तुमची मुदत याच सुमारास येते, किंवा मधले एखादे नूतनीकरण राहून गेले असेल तर केव्हाच संपली आहे. दुसरे असे की मालक वारल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत वारसाने नमुना 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. दुःखाच्या दिवसांत हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. उशीर झाला तरी होते, दंड भरावा लागू शकतो. गाडी ठेवा, विका किंवा भंगारात द्या, नावावर झाल्याशिवाय यातले एकही काम सरळ होणार नाही. जुन्या गाड्यांचे नूतनीकरण शुल्क अलीकडे बरेच वाढले आहे, त्यावर आपल्या राज्याचा पर्यावरण करही आहे, तो आकडा आरटीओकडून घ्या. आणि "व्हिंटेज म्हणून नोंदवून टाका" असा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. त्या नियमाला गाडी 50 वर्षांहून जुनी लागते. दिल्लीत कुणी नातेवाईक गाडी मागत असेल तर त्यांनाही सांगा की तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर बंधने आहेत.

राहिली तिसरी गोष्ट, चालवणारा. माझ्याकडच्या एका कुटुंबाने वडिलांची वॅगन आठवण म्हणून ठेवली. पत्रा-रंग मिळून दीड लाखाच्या वर खर्च केला आणि सोसायटीच्या आवारात ताडपत्री घालून ती उभी केली. महिन्यातून एकदा चालू करायची असे ठरले होते, ते पहिले सहा महिने पाळले गेले. चार वर्षांनी मला बोलावले तेव्हा उंदरांनी वायरिंग खाल्ले होते, ताडपत्रीखाली दमट राहून छताचा पत्रा फुगला होता आणि मागची काच तडकली होती. ती शेवटी भंगारात गेली, आणि त्या घरातल्या मोठ्या मुलाने मला सांगितले की पहिल्याच वर्षी दिली असती तर एवढे लागले नसते. उलट दुसऱ्या एका घरात मुलीने इस्टेट ठेवली, कारण तिची रोपवाटिका आहे. कुंड्या आणि खताची पोती ती मागे टाकते. त्या गाडीच्या बाजूला दोन पोच आहेत, आतून मातीचा वास येतो, आणि ती उत्तम चालते. वॅगन कामातून उठली की तिची रया जाते, असे मला या दोन गाड्यांनी दाखवले.

त्यामुळे माझे मत असे. तुमच्या घरात कुणालाही मागची जागा भरण्याजोगे काम असेल, आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर ती चालणार असेल, आणि चॅसी शाबूत असेल, तर ठेवा. त्यात केवळ भावना नाही. रंगावर उधळू नका, आधी गळती बंद करा, मग ब्रेक, मग टायर, आणि रंग शेवटी. काम नसेल, पण चॅसी चांगली असेल, तर ज्याला काम आहे अशा माणसाला द्या. जुन्या इस्टेट आणि सिएरा जतन करणारी माणसे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांना तुमच्या गाडीच्या चांगल्या काचांचेच मोल जास्त वाटेल. किंमत फारशी येणार नाही हे आधीच सांगतो. चॅसी गेली असेल तर भावाचे म्हणणे बरोबर आहे. मात्र रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या, तिथले प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रीतसर रद्द करा, नाहीतर वडिलांच्या नावावरची पाटी उद्या भलत्याच गाडीवर फिरायची. देण्याआधी मागचा दरवाजा एकदा सगळ्यांनी मिळून उघडा आणि कार्पेटखालचे काय ते स्वतः काढून घ्या, ते काम गॅरेजच्या पोऱ्यावर सोपवू नका.

सध्या एवढे करा: आरसी काढून वैधतेची तारीख आणि मालकाचे नाव पाहा. उजेडात कार्पेट उचलून दोन्ही कमानींचे, मागच्या दरवाज्याच्या खालच्या कडेचे आणि गाडीखालून चॅसीचे असे चार-पाच फोटो घ्या, रंगाचे नकोत. ते पाहिल्यावर पत्रा वाचेल की नाही हे मी बऱ्यापैकी सांगू शकेन. तोवर भावाला म्हणावे, एवढा पावसाळा थांब.